मुंबई–न्यूयॉर्क १६ तास, मग माजलगावहून किती?

मोबाइलवर ‘मुंबई ते न्यूयॉर्क अंतर’ शोधले, की साधारण साडेबारा हजार किलोमीटर हा आकडा येतो. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर भागाकार १४ तास. पण न थांबता जाणाऱ्या विमानालाही सुमारे १६ तास लागतात. मुलाकडे पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

साडेबारा हजार हे गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर आहे. पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि न्यूयॉर्कला दोरा ताणून धरा. तो सरळ पश्चिमेला न जाता वर, जवळजवळ आइसलँडच्या अक्षांशापर्यंत चढतो. विमानाला मात्र हा दोरा जसाच्या तसा पाळता येत नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा वळसे वाढले आणि एअर इंडियाच्या अमेरिकेकडच्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. त्यात उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास तास-दीड तासाने कमी भरतो.

तिकिटावरच्या वेळाही फसवतात. समजा, विमान रात्री २ वाजता सुटले आणि १६ तास उडाले. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे उन्हाळ्यात तिकिटावर दिसणार ‘सुटणार २.००, पोहोचणार सकाळी ८.३०’, तेही त्याच तारखेला. पाहणाऱ्याला वाटते, साडेसहा तासांचा तर प्रवास!

आता माजलगावचे बघू. माजलगाव आणि मुंबई जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. सरळ रेषेत अंतर साडेतीनशे किलोमीटर. विमानाला हे अर्ध्या तासाचेही काम नाही. रस्त्याने मात्र चारशेच्या वर किलोमीटर आणि एसटीला दहा तास धरावेत. पावसाळ्यात माळशेज घाटाच्या वाटेने जायचे, तर त्याहून जास्त. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे, उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत दोन तास. घरापासून बेरीज ३१ तासांवर जाते, आणि त्यात जेवणाचा थांबाही धरलेला नाही.

आणखी एक धोका तारखेचा. १५ तारखेच्या रात्री २ चे विमान म्हणजे १४ तारखेला सकाळीच माजलगाव सोडायचे. १५ ला दुपारी बॅगा भरायला घेणाऱ्याचे विमान तेव्हा निम्मी वाट कापून गेलेले असते, आणि अशा तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

छत्रपती संभाजीनगरहून मुंबईला विमानाने जाण्याचा पर्याय आहे. पण दोन तिकिटे वेगवेगळी काढली, तर पहिले विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. शिवाय २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. एका विमानतळावर उतरून दुसरा गाठायचा, तर मधे महानगराची वाहतूक आहे. मुंबईचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. तिकिटावर हीच तीन अक्षरे छापलेली असतात. कंपन्यांनी तिथे विमानतळाचे पूर्ण नाव ठळक मराठीत द्यायला काय हरकत आहे?