पोटनिवडणूक कोणाच्या सोयीची?

खासदार गिरीश बापट यांचे २९ मार्च २०२३ रोजी निधन झाले, तेव्हा लोकसभेची चौदा महिन्यांहून अधिक मुदत शिल्लक होती. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ नुसार रिक्त जागा सहा महिन्यांत भरावी लागते. उरलेली मुदत वर्षाहून कमी असेल, अथवा आयोगाने केंद्राशी विचारविनिमय करून अडचण प्रमाणित केली, तरच त्यातून सूट मिळते. आयोगाने दुसरा मार्ग पत्करला. यंत्रणा इतर निवडणुकांत व लोकसभेच्या तयारीत गुंतली आहे आणि निवडून येणाऱ्यास जेमतेम काही महिने मिळतील, ही कारणे दिली गेली. त्यातले दुसरे कारण तर विलंबातूनच जन्मलेले! त्याच वर्षी मे महिन्यात जालंधरची लोकसभा पोटनिवडणूक मात्र सुरळीत पार पडली होती.

पार्श्वभूमीही बोलकी होती. बापटांच्याच जुन्या कसबा मतदारसंघात मार्च २०२३ मध्ये भाजपचा सुमारे अकरा हजार मतांनी पराभव झाला होता. त्याचा आयोगाच्या निर्णयाशी संबंध होता, असे कोणी सिद्ध केलेले नाही. परंतु अशा वेळी घटनात्मक संस्थेने संशयाला जागाच ठेवायची नसते.

आज खर्ड्यापासून पारनेरपर्यंत पसरलेल्या नगर मतदारसंघाचा अनुभव वेगळा आहे. यशवंतराव गडाख यांची १९९१ ची निवड सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९३ मध्ये रद्द ठरवली. पुढच्याच वर्षी पोटनिवडणूक होऊन मारुती शेळके लोकसभेत गेले. सहा महिन्यांचे बंधन घालणारे कलम तेव्हा कायद्यात नव्हतेच. ते १९९६ मध्ये आले. कायदा नसताना नगरला जे मिळाले, ते कायदा असून पुण्याला मिळाले नाही.

पोटनिवडणूक सरकारला नकोशी का असते, हे लंडनच्या ईस्ट फुलहॅमने दाखवले होते. तेथील खासदाराच्या निधनानंतर दोनेक महिन्यांत, २५ ऑक्टोबर १९३३ रोजी मतदान झाले. सत्ताधाऱ्यांचे १४,५२१ चे मताधिक्य वाहून गेले आणि मजूर पक्ष ४,८४० मतांनी जिंकला. संसदेत सरकारपाशी पाचशेहून अधिक जागा होत्या. तरीही शस्त्रसज्जतेबाबत आपण सावध का राहिलो, हे सांगताना बाल्डविन यांनी १९३६ मध्ये याच निकालाचा दाखला दिला.

मुंबई उच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०२३ रोजी आयोगाचे प्रमाणपत्र रद्द करून तातडीने पोटनिवडणूक घेण्यास सांगितले. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. पुणेकरांनी मतदान केले ते १३ मे २०२४ रोजी, सार्वत्रिक निवडणुकीतच.