परस्पर संमतीचा घटस्फोट : माघार घेण्याची मुभा कुठवर?

परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज दाखल केल्यानंतर पती किंवा पत्नीचे मन बदलले तर काय, हा प्रश्न देशभरातील कुटुंब न्यायालयांपुढे वारंवार येतो. कायद्याचे उत्तर आज स्पष्ट आहे. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते. मात्र या मुभेची व्यवहारातील किंमत कोणी मोजायची, याविषयीचा वाद कायम आहे.

हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने कलम १३-ब समाविष्ट झाले. किमान एक वर्ष विभक्त राहिलेल्या दांपत्याने संयुक्त अर्ज करायचा आणि त्यानंतर सहा ते अठरा महिन्यांच्या काळात दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन तीच मागणी करायची, अशी ही रचना आहे. मधला काळ फेरविचारासाठी ठेवलेला आहे. परंतु फेरविचार एकानेच केला तर?

मुंबई उच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार स्वेच्छेने दिलेली संमती एकतर्फी मागे घेता येत नव्हती. अन्य काही उच्च न्यायालयांचे मत याच्या नेमके उलट होते. हा मतभेद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९१ मध्ये मिटवला. प्रकरण हिमाचल प्रदेशातील होते. न्यायालयात जबाब नोंदविल्यानंतर अवघ्या आठवडाभरात पत्नीने कळविले की, आपली संमती दडपणाखाली घेतली गेली आणि नातेवाइकांशी सल्लामसलतही करू दिली नाही. उच्च न्यायालयाने तरीही घटस्फोट मंजूर केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. अर्जाच्या दिवशी संमती असणे पुरेसे नाही, ती हुकूमनाम्यापर्यंत टिकली पाहिजे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

या निर्वाळ्याची व्याप्ती फार मोठी असल्याची शंका १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातच व्यक्त झाली. परंतु २००९ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मूळ भूमिका कायम ठेवली. त्या प्रकरणात पत्नी गैरहजर असताना मुंबईच्या कुटुंब न्यायालयाने घटस्फोट मंजूर केला होता. गैरहजेरी किंवा मौन म्हणजे संमती असे गृहीत धरता येणार नाही, असे पीठाने बजावले.

खरी गुंतागुंत पैशाच्या व्यवहारात आहे. तडजोडीची रक्कम बहुधा हप्त्यांनी दिली जाते. काही भाग पहिल्या जबाबाच्या वेळी, उरलेला दुसऱ्या वेळी. सोबत पोलिसांतील तक्रारी मागे घेण्याचे, मुलांच्या ताब्याचे आणि घराचे करार असतात. पहिला हप्ता स्वीकारून पत्नीने माघार घेतल्याची तक्रार पतीकडून होते. तर आपल्यावरील गुन्हा रद्द होताच पतीने पाठ फिरवल्याची तक्रार पत्नीकडून होते. अशा वेळी माघार हे दबावाचे साधन बनते, हे नाकारता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये यावर मधला मार्ग काढला. न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणे हा अवमान ठरू शकतो. तथापि त्या हमीच्या आधारे कोणालाही संमतीची सक्ती करता येणार नाही. हिमाचलमधील त्या पत्नीचे उदाहरण पाहता हा भेद योग्यच म्हणावा लागेल. पैशाचा हिशेब मागाहून करता येतो. दडपणाखाली मोडलेला संसार परत उभा करता येत नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांची अट बंधनकारक नसल्याचे ठरविले. दांपत्य दीड वर्षाहून अधिक काळ विभक्त असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी व ताब्याचे प्रश्न सुटले असतील, तर कुटुंब न्यायालय ही मुदत माफ करू शकते. दोघांचा निर्धार पक्का असेल तेथे हा दिलासा आहे. ज्याचा निर्धार डळमळीत आहे, त्याच्या हाती मात्र कमी दिवस उरतात. मुदत माफ करताना न्यायाधीशांनी दोघांशी स्वतंत्रपणे बोलणे म्हणूनच अधिक महत्त्वाचे ठरते.

दुसरा पक्ष हजरच न राहिल्याने रखडणाऱ्या अर्जांवर उपाय म्हणून केंद्र सरकारने २०१० मध्ये विधेयक मांडले होते. राज्यसभेने ते २०१३ मध्ये संमत केले; लोकसभा विसर्जित होताच ते बारगळले. मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, एका जोडीदाराचा विरोध असला तरी पूर्णतः मोडलेला विवाह अनुच्छेद १४२ खाली संपुष्टात आणता येतो, असा निर्णय दिला. परंतु हा अधिकार केवळ सर्वोच्च न्यायालयाचा आहे आणि तो हक्क म्हणून मागता येत नाही. कुटुंब न्यायालयात संमतीच्या अर्जावर हुकूमनामा हवा असेल, तर आजही दोघांची संमती अखेरपर्यंत कायम असावी लागते.