शिक्षक आधीं विद्यार्थी व्हावा

शाळेस प्रयोगांची पेटी दिली म्हणजे विज्ञान शिकविलें, हा समज आमच्या मतें घातक आहे. तराजू घेतल्यानें कोणी व्यापारी होत नाहीं, हें पेठेंत सर्वांस कळतें. शाळेच्या बाबतींत मात्र त्याचा विसर पडतो.

मध्यप्रदेशांत तेव्हांच्या होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ सालीं १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा नवा कार्यक्रम सुरू झाला. त्यांत उन्हाळ्याच्या सुटींत ३ आठवडे शिक्षकच विद्यार्थी होऊन बसत. पानें गोळा करून त्यांचे गट पाडीत, चुकत व आपसांत वाद घालीत. पुढें दरमहा एकत्र जमून वर्गांतील अडचणींचा विचार करीत. ज्यानें स्वतः शंका काढली तोच मुलाची शंका ऐकून घेतो, हें या रीतीचें मर्म होय. १९७८ सालीं ती जिल्हाभर पसरली. २००२ सालीं राज्य सरकारनें ती बंद केली. पेट्या पुन्हां आणतां येतील. पण ३० वर्षें घडत आलेला शिक्षकवर्ग पुन्हां उभारण्यास तितकींच वर्षें लागावयाचीं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत प्रत्येक शिक्षकास वर्षाकाठीं निदान ५० तासांचें प्रशिक्षण सांगितलें आहे. ते तास व्याख्यानें ऐकण्यांत जातात कीं हातानें प्रयोग करण्यांत, हें पालकांनीं व शाळा-समित्यांवरील नागरिकांनीं विचारलेंच पाहिजे.