निमंत्रण की परिपत्रक?

जगतपुऱ्यातील आपल्या मराठी घरांतून गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचे जे निमंत्रण फिरले, ते वाचून कचेरीतील परिपत्रकच वाट चुकून घरी आले की काय, असे वाटले. ‘सर्व सुवासिनींना कळविण्यात येते की’ असा आरंभ, मग दिनांक व वेळ, आणि शेवटी ‘वेळेचे पालन करावे’ ही तंबी! खाली बोलावणाऱ्याचे नावही नाही. टिपणे लिहिण्यात हयात घालविलेल्या आम्हा अधिकाऱ्यांना साधे बोलावणे लिहिता येऊ नये काय?

कोणी म्हणेल, मजकूर पोहोचला ना, मग भाषेचा एवढा बाऊ कशाला? पण पोहोचले काय, ते पाहा. नुकतीच बदली होऊन आलेल्या एका गृहस्थांच्या मातोश्रींनी ते निमंत्रण वाचवून घेतले, आणि त्या सायंकाळी सून निघाली तेव्हा त्या घरीच राहिल्या. त्या विधवा आहेत. ‘येऊ नका’ असे त्यांना कोणी म्हटले नव्हते. ‘सुवासिनी’ या एका शब्दाने ते काम चोख बजावले होते.

रूढीच तशी आहे, हे उत्तर आता पुरे पडणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांना कमीपणा आणणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर गावांनाही तो कित्ता गिरविण्यास सांगितले. एका खेड्याला जे उमगले, ते राजधानीच्या शहरात राहणाऱ्या आम्हा सुशिक्षितांना उमगू नये, हे काही भूषण नव्हे.

आणि ज्या मुलखाचे अन्न आपण खातो, तेथील रीत तरी पाहावी. राजस्थानी यजमान घरच्या लग्नाची पत्रिका रणथंभोरच्या किल्ल्यातील त्रिनेत्र गणेशाला टपालाने पाठवितात. सर्वज्ञ देवालाही नाव घालून बोलावणाऱ्यांच्या शेजारी राहून आपण माणसांना मात्र घाऊक बोलावतो!

चांगल्या निमंत्रणाला अलंकार लागत नाहीत. कोण बोलावतो, कोणाकोणाला, कशासाठी, केव्हा, कोठे, आणि नवख्याने घर कसे शोधावे, एवढे त्यात असावे. ‘वहिनी, सासूबाईंना व मुलींना घेऊन अगत्य यावे; तिळगूळ सर्वांना, हळदीकुंकूही सर्वांना,’ ही एक ओळ परिपत्रकाच्या दहा ओळींना भारी आहे. परमुलखात आपली माणसे मुळात मोजकी. त्यांतले एखादे शब्दाच्या निष्काळजीपणाने गाळण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.