बंद कॉम्प्युटर आणि एक खोडरबर

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. मुलीच्या प्रवेश अर्जाला तीन दिवस उरले होते आणि आमच्या घरचा कॉम्प्युटर सुरू होईना. बटण दाबले की दिवा लागे, पंखा फिरे. पडदा मात्र काळाच! गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सारे स्कॅन करून त्यातच ठेवलेले. वस्तीतल्या आठ-दहा जणांचे अर्जही त्यातच. त्या दिवशी आमच्या घशाखाली घास उतरला नाही.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने न पाहताच निकाल दिला, "मदरबोर्ड गेला. पाच हजार तरी धरा." आम्ही पडलो कारकून. पाच हजार म्हणजे महिन्याचा किराणा. आम्ही हिशेब मांडत बसलो, तेव्हा मुलगीच म्हणाली, "पप्पा, ट्रायल बॅलन्स जुळला नाही तर तुम्ही वही फेकून देता का? आपणच एकेक तपासू या."

खरेच की! बेरीज, मग खतावणी, मग एकेक नोंद, हा तर आमचा रोजचा धंदा. कॉम्प्युटरलाही तोच नियम लागू. वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून तो क्रम देत आहोत.

सुरुवात भिंतीपासून करावी. त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून वीज येते का ते पाहावे. एक्स्टेंशन बोर्डाचे बटण आणि कॅबिनेटच्या मागचे छोटे बटण चालू आहे ना? बऱ्याच मॉनिटरची वायर कॅबिनेटलाही चालते, ती बदलून पाहावी. एवढे करूनही दिवा नाही, पंखा नाही, तर दोष बहुधा एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, किंवा बटणाचा. तो डबा मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात 300 व्होल्टच्या पुढचा दाब काही काळ साठून राहतो. जळका वास आला, तरी काम जाणकारावरच सोपवावे.

पंखा फिरतो पण पडदा काळा, असे असेल तर आधी मॉनिटरचा दिवा आणि त्याची केबल पाहावी. आतून 'बीप' आवाज येत असेल तर तो किती वेळा आणि लांब की आखूड, हे लिहून ठेवावे. कोणता भाग तक्रार करतो आहे, ते त्यावरून जाणकाराला कळते.

मग कॅबिनेट उघडावे. आधी प्लग काढावा, बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. आत उभी बसवलेली लांबट पट्टी म्हणजे रॅम. कडेची चिमटी दाबली की ती सुटते. तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर हलकेच फिरवावे, चुरा झटकावा आणि खाच जुळवून 'टक्' आवाज येईपर्यंत बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते समजत नाही.

आमच्या मुलीने हे केले, बटण दाबले आणि पडदा उजळला! मदरबोर्ड ठणठणीत होता. रॅमच्या कडेवर धूळ आणि ओल बसली होती. मात्र तारीख काही वर्षे मागची दिसू लागली आणि त्यामुळे अर्जाचे संकेतस्थळ उघडेना. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. सीआर 2032 नावाचा हा 3 व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलला, तारीख लावली, काम झाले.

आणखी एक सांगतो. कॉम्प्युटर सुरू होऊन विंडोजपाशी अडकला, तर दुरुस्तीवाला सरळ "फॉरमॅट मारतो" म्हणतो. त्याला थांबवावे. मशीन बंद पडले म्हणजे आतले कागद गेले असे नव्हे. हार्ड डिस्क चांगली असेल तर ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. आधी कागद बाहेर, मग फॉरमॅट.

अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी गेला. पण चूक आमचीच होती. सगळ्यांचे दाखले एकाच पेटीत ठेवून आम्ही निश्चिंत झालो होतो. त्याच रात्री सगळ्याची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. तो आता रेशनकार्डाच्या पिशवीत असतो. तुमच्या घरचे दाखले किती ठिकाणी आहेत? येत्या रविवारी एकदा पाहा. आणि कॅबिनेट उघडायची वेळ आली, तर स्क्रू ड्रायव्हर मुलीच्या हाती द्यायला कचरू नका.