इशारा पुडीवर छापा

माननीय संचालक,
इंडियन फार्माकोपिया कमिशन, गाझियाबाद यांस,


पाळीच्या दुखण्यावर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या मेफेनामिक ॲसिडमुळे क्वचित ‘ड्रेस सिंड्रोम’ ही औषधाची गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा आपण नोव्हेंबर 2023 मध्ये दिलात. बातम्या आल्या आणि विरल्या. तो इशारा गोळी घेणाऱ्या बाईपर्यंत पोचला का, हे विचारण्यासाठी हे पत्र.

मेडिकलमध्ये चार गोळ्या मागितल्या की दुकानदार कात्रीने पट्टी कापतो आणि गोळ्या पुडीत घालून देतो. औषधाचं नाव असलेला भाग बऱ्याचदा दुकानातच राहतो. खोक्यातलं माहितीपत्रक मिळालंच, तरी ते बारीक इंग्रजीत.

औषधाचीच अशी दुसरी गंभीर प्रतिक्रिया म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. तो वर्षाला दहा लाखांत मोजक्याच लोकांना होतो. पण त्याला कारण ठरणारी औषधं रोजच्या वापरातली आहेत: फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल आणि सल्फाच्या गोळ्या. औषध सुरू केल्यावर बहुधा पहिल्या चार ते अठ्ठावीस दिवसांत ताप येतो, डोळे चुरचुरतात, तोंड आतून सोलवटतं, घास गिळवत नाही. मग अंगावर लालसर-काळपट डाग उठतात, हात लावला तरी दुखतात आणि कातडी सुटू लागते. घरात कुणी म्हणतं उष्णता बाहेर पडतेय, कुणी म्हणतं गोवर; कडुलिंबाचा पाला येतो. आणि ती गोळी चालूच राहते! माझा जीव तुटतो तो इथे. कातडी तीस टक्क्यांहून जास्त सुटली, तर साधारण तिघांतला एक दगावतो. जे वाचतात त्यांतल्या काहींची दृष्टी जाते. औषध वेळीच थांबलं तर जगण्याची शक्यता वाढते.

दुष्परिणाम कळवण्यासाठी आपला 1800-180-3024 हा मोफत क्रमांक आहे, रुग्णही तिथे तक्रार नोंदवू शकतो. दुकानाच्या भिंतीवर तो लावून भागणार नाही; भिंत कुणी घरी नेत नाही. सगळ्याच औषधांवर छापा असंही मी म्हणत नाही. वरच्या मोजक्या औषधांच्या पुडीवर, राज्याच्या भाषेत, ठळक अक्षरांत एवढं छापणं सक्तीचं करण्याची शिफारस केंद्राकडे करा: ‘ताप, तोंडात फोड, डोळ्यांची आग किंवा अंगावर चट्टे दिसले, तर पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ही पुडी सोबत न्या.’

आपली,
एक औषधविक्रेती