डेस्कटॉप गेला, संगणक नाही

कॅनडातला यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन याने 2021 साली काही आठवडे घरच्या संगणकावर फक्त लिनक्स वापरायचं ठरवलं. त्याने पॉप ओएस टाकलं आणि गेम खेळण्यासाठी स्टीम घ्यायला गेला. सॉफ्टवेअरच्या दुकानातून ते बसेना, म्हणून टर्मिनल उघडलं. पॅकेजं बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या एपीटी या प्रोग्रॅमने काढून टाकायच्या पॅकेजांची लांबलचक यादी दाखवली, हे घातक ठरू शकतं असं बजावलं आणि पुढे जायचंच असेल तर ‘येस, डू ॲज आय से!’ हे वाक्य टाइप करायला सांगितलं. त्याने केलं. थोड्या वेळात डेस्कटॉप गायब, समोर काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ.

वाचलं का नाही, असं त्याला विचारणं सोपं आहे. पण एक गेम घ्यायला आलेल्या माणसापुढे अनोळखी नावांची रांग उभी करून निर्णय त्याच्यावर सोडणं हा सॉफ्टवेअरचाच दोष. स्टीमला 32-बिट पॅकेजं लागतात. त्या दिवसांत पॉपच्या साठ्यात एका पॅकेजच्या 64-बिट आणि 32-बिट आवृत्त्या जुळत नव्हत्या. त्या सारख्याच असाव्यात हा एपीटीचा नियम. तो पाळण्यासाठी एपीटीने डेस्कटॉपच काढून टाकला.

अशा वेळी बहुतेक जण पेनड्राइव्ह शोधून सगळं नव्याने टाकतात. बऱ्याचदा त्याची गरज नसते. फोटो, कागदपत्रं होम फोल्डरात जिथल्या तिथे असतात. कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबलं की मजकुराचं लॉगिन मिळतं. पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, म्हणून घाबरू नये. व्हार फोल्डरातल्या लॉगमध्ये एपीटीची हिस्टरी नावाची फाइल असते. तिच्या शेवटाकडे तारीख, वेळ, दिलेली कमांड आणि ‘रिमूव्ह’ या शब्दापुढे गेलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव सापडतं. काय परत आणायचं ते तिथे लिहिलेलंच असतं. आधी सुडो एपीटी अपडेट, मग सुडो एपीटी इन्स्टॉल पॉप-डेस्कटॉप, उबुंटूवर उबुंटू-डेस्कटॉप. इन्स्टॉल अर्ध्यात तुटलं असेल, तर त्याआधी डीपीकेजी कॉन्फिगर चालवावं. नेटवर्क मॅनेजरही गेला असेल तर वायफाय मिळत नाही. मग राउटरची केबल लावावी, नाहीतर फोनचं यूएसबी टेदरिंग.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल आणि कर्नलच्या अपडेटनंतर पडदा काळा राहिला, तर गोष्ट बहुधा वेगळी. पॅकेजं सगळी जागेवर असतात, पण नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर तयार झालेला नसतो. संगणक ग्रब या बूटलोडरने सुरू होत असेल तिथे त्याच्या ॲडव्हान्स्ड मेनूतून जुना कर्नल निवडला की बहुधा पडदा उजळतो, आणि ड्रायव्हर निवांत बसवता येतो.

लायनसच्या त्या प्रसंगानंतर एपीटी बदललं. 2.3.12 या आवृत्तीपासून पॅकेजांचा पेच सोडवताना अत्यावश्यक पॅकेजं आपणहून काढायचा मार्ग ते धरत नाही. उबुंटू 22.04 पासून हा बदल आलेला आहे. 20.04 चालवणाऱ्या जुन्या संगणकांवर मात्र अजून जुनंच एपीटी आहे. तिथे काढायच्या पॅकेजांची यादी शेवटच्या नावापर्यंत वाचूनच होकार द्यावा.